थरथर सर

मी कॉलेजात रस्ते शिकवतो. म्हणजे स्थापत्य शाखेत खडी, डांबर, उतार, वळणं वगैरे. आणि मुनीर सरांचं सगळं भांडण रस्त्यांशी होतं. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या खड्ड्यांचा जाब ते मलाच विचारायचे. सकाळी गेवराईच्या बसमधून उतरले की जेवणाचा डबा हातात तसाच धरून आमच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "मास्तर, तुमच्या खात्याची मेहरबानी आज पार मानंपर्यंत आली."

मी म्हणायचो, "सर, मी रस्ते शिकवतो, बांधत नाही."

"तेच तर म्हणतो मी. शिकवलेलं जातंय कुठं मग?" असं म्हणून ते हसायचे आणि आपल्या प्रयोगशाळेकडे निघायचे.

ते यंत्र शाखेत कंपनशास्त्र शिकवत. हा विषय पोरांना वाघासारखा वाटतो. मुनीर सर पहिल्या तासाला फळ्यावर मराठीत एकच शब्द लिहायचे, 'थर'. मग त्याच्या शेजारी 'थरथर'. आणि वर्गाकडे तोंड करून म्हणायचे, "एकदा म्हणलं तर थर. दोनदा म्हणलं तर थरथर. आपल्याला वर्षभर ह्या दोघांचं नातं शिकायचं हाय, बाकी काय न्हाई." पोरं हसायची. त्या तासानंतर त्यांचं नाव थरथर सर पडायचं. दरवर्षी नवी पोरं हेच नाव नव्यानं शोधून काढायची आणि आपण फार मोठी खोडी केली अशा समजुतीत राहायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

बुटका माणूस, मान जाड, बारीक कापलेली पांढरी दाढी, उन्हाळा असो की हिवाळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. बोटांवर कायम रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट रसायन, वाळलेलं असायचं. बोलता बोलता ते त्याचे पापुद्रे लसूण सोलावा तसे काढत बसायचे. त्यांच्या डब्यातल्या भाजीलासुद्धा रेझिनचा वास यायचा. आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खायचो, त्यामुळे हे मी अनुभवानं सांगतो. टेबलावर चहाची बशी ठेवून ते तिच्यातल्या चहाकडे टक लावून बघायचे. बाहेर हायवेवरून वाळूचा टिपर गेला की बशीत बारीक वर्तुळं उठायची. मग सर मान न वळवता सांगायचे, "भरलेला गेला," किंवा "रिकामा गेला." ही बशी तलाठ्याला भेट द्यावी असं मी एकदा सुचवलं होतं. सर म्हणाले, "मग उद्या बशीसकट मी गोदावरीत सापडीन, मास्तर."

त्यांचे वडील गेवराईला हायवेवर ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचे. एकाखाली एक, प्रत्येक वरच्यापेक्षा आखूड. सरांचं म्हणणं, आपण जे करतो ते अब्बांचंच काम, फक्त लोखंडाच्या जागी काचेच्या धाग्यांचं कापड आलं. हे त्यांचं विनयानं बोलणं होतं, कारण काम सोपं नव्हतं. कापडाचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थरावर थर लावायचे. एका कडेला थर जास्त आणि रेझिन कडक. तिथून दुसऱ्या कडेपर्यंत थर कमी होत जायचे आणि रेझिन मऊ होत जायचं. अशी फळी कुठंही ठोकली की तिच्यातली सगळी थरथर त्या मऊ कडेला जाऊन गोळा होते, बाकी फळी शांत राहते. कडेला रबराची एक पट्टी लावली की गोळा झालेली थरथर तिच्यात जिरून जाते.

हे असं का होतं, ते त्यांनी मला कँटीनमध्ये बसून समजावलं होतं. "कडक जागेत ती पळते, मास्तर. मऊ जागेत तिचे पाय जड होतात. पुढचीचे पाय जड झाले की मागची येऊन तिला भिडते. आपल्याकडं बाजाराच्या दिवशी बोळीत होतंय तसं."

"मग एकदमच मऊ करा ना कड. एवढे थर कशाला मोजायचे?"

"ऱ्हाऊ द्या, तुमी रस्तेच करा," ते म्हणाले. "एकदम मऊ केलं तर ती बिचकते. जिथं बिचकते तिथून उलटी फिरते आन् सगळ्या फळीत बोंबलत हिंडते. तिला कळूच द्यायचं न्हाई. कळू न देता मऊ करत न्यायचं."

ही फळी त्यांना एका कामासाठी करायची होती, आणि ते काम त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं. आमच्या भागात अशक्त किंवा दिवसांआधी जन्मलेलं मूल असलं की डॉक्टर ते अंबाजोगाईला न्यायला सांगतात. गेवराईहून निघालेली गाडी आमच्या कॉलेजच्या गेटवरून जाते, बीड ओलांडते, मांजरसुंब्याचा घाट चढते, केजमधून पुढं जाते. एकदा सर नात्यातल्या एका बाळाबरोबर त्या गाडीत बसले होते. बाळ ज्या पत्र्याच्या तबकात ठेवलं होतं त्याच्या खाली त्यांनी सहज तळहात घातला. "बीड येईपर्यंत माझ्या हाताला मुंग्या आल्या," ते सांगायचे. "मी साठीला आलेला माणूस. त्या लेकराचं डोकं लिंबाएवढं, आन् ते त्याच्यावर निजलेलं." ते बाळ जगलं, आता शाळेत जातं. पण सरांचा तळहात काही शांत झाला नाही. तेव्हापासून त्यांनी बाळाला ठेवायची फळी करायला घेतली. डोक्याकडची बाजू शांत राहावी आणि सगळी थरथर पायापलीकडच्या कडेला जाऊन जिरावी, एवढंच त्यांना हवं होतं. धक्के वेगळे आणि थरथर वेगळी, हे ते दहादा बजावायचे. धक्क्याला खाली स्प्रिंग लागतात. फळी फक्त थरथरीसाठी.

सगळे तिला पाळणा म्हणायचे. सर चिडायचे. "पाळणा हलवायचा असतो. ही हलू नये म्हणून मी मरतोय."

आता रव्याची गोष्ट सांगायला हवी. फळी बरोबर झाली का हे बघायला सर तिच्यावर बारीक रवा पसरायचे आणि खालून एका मोठ्या स्पीकरनं ती थरथरवायचे. जिथं थरथर असेल तिथला रवा उड्या मारतो, शांत जागेतला गप्प पडून राहतो. फळी नीट असली की पायाकडचा रवा तव्यावरच्या मोहरीसारखा नाचायचा आणि डोक्याकडच्या रव्याचा कण हलायचा नाही. ते बघताना सरांचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा. पुढं हिशेब तपासनीस आले. यंत्र शाखेच्या सामानात रवा बघून त्यांनी लेखी विचारलं, की प्रयोगशाळेत रवा कशासाठी? सरांनी तितकंच लेखी उत्तर दिलं, 'कंपन तपासण्यासाठी. शिरा केलेला नाही.' प्राचार्यांनी ते उत्तर बदलायला लावलं. सरांनी दुसरा कागद पाठवला, त्यात फक्त पहिलं वाक्य ठेवलं, आणि महिनाभर प्राचार्यांना शिरा हवा का म्हणून विचारत राहिले.

एक सवय मात्र मी आधीच सांगून ठेवतो, कारण तिनंच पुढं घोटाळा केला. सर दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकले होते. मराठी आणि इंग्रजी ते तुमच्या-माझ्यासारखंच लिहायचे, पण बाकी कामात हात मात्र उर्दूसारखा उजवीकडूनच सुरुवात करायचा. वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून उघडायचे. फळ्यावर आकृती काढायची तर उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. पोरांना त्याची गंमत वाटायची आणि सरांना त्यात काही वेगळं आहे हे कळायचंच नाही.

लहान नमुन्यांवर हे जमल्यावर बाळ मावेल एवढी फळी करायची वेळ आली, आणि नेमका तेव्हाच त्यांना डेंग्यू झाला. साचा तयार होता, रेझिन उघडलेलं, ठेवून देता येत नव्हतं. प्रयोगशाळेत पंडितराव नावाचे सहायक होते, हाताचं काम अतिशय स्वच्छ. सरांनी तापातून त्यांना फोनवर सांगितलं, "जास्तीचे थर सुरुवातीच्या कडंला लावा. मग कमी कमी करत शेवटाला जा." पंडितरावांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सुरुवातीच्या कडेला जास्त थर लावले. त्यांची सुरुवात डावीकडे होती. साच्यात बाळाच्या डोक्याचा खळगा उजवीकडे होता. वरून भराव घालून फळी सारखी केलेली, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचा मार्ग नव्हता. बाळाच्या डोक्याखाली मऊ कड आली होती.

सर ताप उतरून कामावर आले त्याच दिवशी दुपारी दत्ता धावत आला.

दत्ता म्हणजे आमच्या गेटवरचा कँटीनवाला, शेतकऱ्याचा मुलगा. सरांना बशीतून चहा देताना "बशीत काय दिसतंय सर, आमचं भविष्य?" असं म्हणणारा. त्याची बायको गेवराईला बाळंत झाली होती, दिवसांच्या बऱ्याच आधी. अंबाजोगाईला न्यायला सांगितलं होतं. गाडी निघाल्याचा फोन आला तसा तो तडक प्रयोगशाळेत आला. मी तिथंच होतो.

"सर, त्यो पाळणा द्या."

सर उभे राहिले. फळी टेबलावरच होती, साच्यातून नुकती निघालेली. "दत्ता, ती तपासलेली न्हाई अजून. परवानगी न्हाई. डॉक्टर ठिवू देणार न्हाईत."

"डॉक्टरला मी बगतो. तुमी द्या."

"न्हाई देता येत रे."

"लई बारीक हाय सर लेकरू. पंज्याएवढं हाय."

"म्हणूनच न्हाई देता येत," सर म्हणाले. "काय होईल ते मला म्हाईत न्हाई. म्हाईत असतं तर मी आपल्या हातानं घेऊन आलो असतो."

दत्तानं माझ्याकडे पाहिलं. मी फळीकडे पाहिलं. बाहेर गाडीचा भोंगा ऐकू आला तसा तो पळाला. बाळ अंबाजोगाईला पोचलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं.

दत्तानं भांडण केलं नाही. काही दिवसांनी कँटीन उघडलं. आम्ही टेबलाशी बसलो की तो सगळ्यांपुढे चहा ठेवायचा, सरांपुढे ठेवायचा नाही. सर मागायचे नाहीत आणि उठूनही जायचे नाहीत. आमचा चहा संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचे. मी एकदा माझा कप त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी तो तितक्याच हळू परत सरकवला.

कँटीन उघडलं त्याच आठवड्यात त्यांनी त्या फळीवर रवा टाकला. मला बोलावलं नव्हतं, मी काही कामानं गेलो तर ते स्पीकर चालू ठेवून उभे होते. डोक्याच्या खळग्यातला रवा उसळत होता. पायाकडचा शांत होता. पंडितराव भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पंडितराव, तुमची चूक न्हाई," सर सांगत होते. "सुरुवातीची कड कोणती ते मी सांगितलंच न्हाई. मला वाटलं सगळ्यांची तीच असते."

ही गोष्ट कॉलेजभर झाली. स्टाफरूममध्ये त्यांच्याच शाखेतले एक जण म्हणाले, उलट्या लिपीत शिकलेल्यांना सुलटं कसं जमणार. दोघे-तिघे हसले. सर दारातच होते. ते आत येऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, "लिपी उलटी न्हाई सर. फळी उलटी झाली." मला इतका संताप आला होता की मी त्या गृहस्थांशी वर्षभर बोललो नाही. सरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या डब्यातले खिम्याचे समोसे दिले. त्यांनी खाल्ले पण.

मी सरांना म्हणालो, "दत्ताला सांगा. तुम्ही फळी दिली असती तर उलट वाईटच झालं असतं. त्याचा गैरसमज तरी जाईल."

"काय सांगू? तुझं लेकरू गेलं, पण मी बरोबर होतो, असं सांगू?"

"पण तुम्ही बरोबर होतात."

"न्हवतो, मास्तर. मला म्हाईतच न्हवतं. मी न्हाई म्हणालो आन् नशिबानं ते बरोबर निघालं. दिली असती तर?" ते बोटावरचं रेझिन काढू लागले. तिथं रेझिन नव्हतं, नुसती कातडी होती. मला ते बघवलं नाही.

त्यानंतर त्यांनी नवी फळी केली. सगळे थर स्वतःच्या हातानं लावले. साच्याच्या दोन्ही टोकांना रंगानं 'डोकं' आणि 'पाय' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. रवा टाकला. तो पायाकडे नाचला, डोक्याकडे निपचित राहिला. पुन्हा पुन्हा टाकला. प्रयोगशाळेतली जुनी जीप काढून फळीवर वाळूची पुरचुंडी बांधून ते हायवेवर फिरून आले. फळी उत्तम होती, हे मी रस्त्याचा माणूस असूनही सांगू शकत होतो. मग परवानगीसाठी कागद गेले. एका मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना ती फार आवडली, आणि त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी हे आमच्या अखत्यारीत येत नाही असं कळवलं. ज्यांच्या अखत्यारीत येत होतं त्यांनी दवाखान्याचं पत्र आणा म्हणून सांगितलं. सर हे सगळं करत राहिले, चिडले नाहीत. चिडायचं काम मी करत होतो. फळी कपाटात होती, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली.

आणि मग नसरीनचं बाळंतपण आलं. नसरीन ही सरांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पुण्याला गेलेली, पहिल्या बाळंतपणाला गेवराईला माहेरी आलेली. तिचंही दिवसांच्या आधीच झालं. मुलगी झाली. श्वास नीट घेत नव्हती. अंबाजोगाई.

जावई इम्रान मोटारसायकलवर गाडीच्या पुढं निघून आला. हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून तो प्रयोगशाळेत शिरला. "अब्बा, गाडी निकली. अभी गेटपर आती. फळी काढो."

सरांनी कपाट उघडलं. फळी काढून टेबलावर ठेवली. चादर बाजूला केली आणि डोक्याच्या खळग्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी खरंच देवाचे आभार मानले.

"अब्बा, चलो."

"न्हाई," सर म्हणाले.

इम्रानला नीट ऐकू आलं नसावं. त्यानं हेल्मेट काढलं. सरांच्या बायकोचा फोन आला, तो त्यानंच घेतला आणि सरांच्या कानाला लावला. पलीकडून त्या गाडीतून बोलत होत्या, मला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आवाज येत होता. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "दत्ताकू नई बोल्या था मैं."

"वो फळी खराब थी, अब्बा! ये अच्छी है. आपनेच बोले ना, अच्छी है?"

"अच्छी हाय," सर म्हणाले. "तब मेरेकू मालूम नई था. नई बोल्या तो परवानगी नई, ये बी बोल्या. परवानगी आज बी नई."

मी मध्ये पडलो. "सर, कायद्याचं सोडा हो. तुमची नात आहे."

"त्याचंबी लेकरूच होतं, मास्तर." ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. माणूस रडताना बघणं सोपं असतं. ते रडत नव्हते. त्यांनी फळी परत गुंडाळली, कपाटात ठेवली, प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "माझ्याजवळ ऱ्हायली तर मी उघडीन. तुमच्याजवळ ठिवा. मागितली तरी देऊ नका."

इम्रान हेल्मेट उचलून गेटकडे पळाला. सर त्याच्यामागं गेले. गाडी थांबली, दार उघडलं, सर आत चढले, दार लागलं. पत्र्याच्या तबकात काहीतरी गुलाबी गुंडाळलेलं मला क्षणभर दिसलं. कँटीनच्या दारात दत्ता उभा होता. तोही बघत होता, पण त्याला काय दिसलं आणि काय कळलं ते मला तेव्हा समजलं नाही.

संध्याकाळच्या आत सरांचा फोन आला. मागं घाटात चढणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. "मास्तर, किल्ली तुमच्याजवळच हाय ना?"

"हो सर. आणू का? मी आत्ता निघतो."

बराच वेळ नुसता गाडीचा खडखडाट ऐकू आला. "न्हाई, नको. बरं," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मुलगी पोचली. काही दिवस काचेच्या पेटीत होती. मग गेली. डॉक्टरांनी फुप्फुसं कच्ची होती असं सांगितलं. सरांनी त्यांना विचारलं, रस्त्याचा किती हात? डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, ते कोणीच सांगू शकणार नाही. उभं आयुष्य मोजमाप करण्यात गेलेल्या माणसाला हे उत्तर मिळालं. नसरीननं बापाला एका शब्दानं दोष दिला नाही. बोलायची, चहा द्यायची, औषध घेतलं का विचारायची. तसंच राहून ती पुण्याला परत गेली. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं सर मला एकदाच म्हणाले.

कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही कँटीनला बसलो. मला त्यांना तिथं न्यायचं नव्हतं, तेच चालत गेले. दत्तानं चहा आणला. आणि सरांपुढे बशीसकट कप ठेवला. कदाचित हे असं मिटेल, असं वाटलं.

दत्ता तिथंच उभा राहिला. "सर, एक इचारू का? पाळणा नेला व्हता का तुमी? खरं सांगा."

"न्हाई."

"कावून?"

"तुला दिला न्हवता."

मला वाटलं होतं की दत्ता खाली बसेल, सरांचा हात धरेल, असं काहीतरी. दत्ताचा चेहरा लाल झाला. त्यानं टेबलावर इतक्या जोरानं हात आपटला की चहा बशीत सांडला.

"मला दिला न्हाई म्हणून नातीला न्हाई! आन् मग ठिवलाय कुणासाठी त्यो? माझं तर गेलं. तिला तरी न्यायचा व्हता की! मी काय म्हणलो असतो? शिव्या दिल्या असत्या, चार दिवस. पोरगी तर ऱ्हायली असती!" तो रडायला लागला. "माझ्या नावावर कावून घातली तिला?"

सर उठले, दत्ताच्या खांद्याला हात लावायला गेले, लावला नाही, आणि सरळ प्रयोगशाळेकडे गेले. मी मागोमाग गेलो, तर त्यांनी किल्ली मागितली. मी दिली.

दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले. नंतर कळलं की फळी बरोबर घेऊन गेले आहेत. कागद पाठवणं त्यांनी बंद केलं होतं. फळी घेऊन ते एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, एका साहेबाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसत होते. रजा संपली, मग निवृत्तीच आली. निरोपाच्या समारंभाला ते आले नाहीत. प्राचार्यांनी त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे भाषण केलं, नारळ मी घेतला. घरी द्यायला गेलो तर त्यांच्या बायकोनं सांगितलं, बाहेर गेलेत. कुठं ते मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका सरकारी इमारतीत. सासऱ्यांच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. तळमजल्यावर लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकं, लोक खचाखच. साहेब दौऱ्यावर आहेत असं शिपाई सगळ्यांना आळीपाळीनं सांगत होता. एका बाकाच्या टोकाला मुनीर सर बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट तोच अर्ध्या बाह्यांचा. मांडीवर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली फळी आडवी धरलेली, एक हात खालून, एक हात वरून. समोरून जाणारे त्यांच्याजवळ आले की आवाज खाली करत होते. एकानं टोपी काढली. त्यांना त्या चादरीत मूल दिसत होतं, हे मला जरा उशिरा उमजलं, आणि मी दोन पावलांवर थांबलो.

त्यांच्या शेजारी नऊवारीतली एक म्हातारी बसली होती, कुठल्यातरी खेड्यातून आलेली. ती बराच वेळ त्या चादरीकडे बघत होती. मग तिनं हात पुढं करून चादरीवर ठेवला.

"नातू व्हता का नात, बाबा?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"नात व्हती, माय," ते म्हणाले. पुढं म्हणाले, "पर हे रिकामं हाय." आणि तिला दिसावं म्हणून त्यांनी चादरीचं टोक बाजूला केलं.

म्हातारीनं वाकून आत पाहिलं. नीट पाहिलं. आणि मग तिनं आपल्याच हातानं चादरीचं टोक पुन्हा वर ओढून घेतलं आणि फळी झाकली.